'या जगाच्या कोपऱ्यात' : सुझूच्या संसाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा चित्रपट नेमका कोणता?

मूळ जपानी नाव 'कोनो सेकाइ नो कातासुमी नि', म्हणजे 'या जगाच्या कोपऱ्यात'. फुमियो कोउनो या हिरोशिमात जन्मलेल्या चित्रकर्तीची याच नावाची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००७ ते २००९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यावरून सुनाओ काताबुची यांनी ॲनिमेशनपट केला. माप्पा स्टुडिओत तो तयार झाला आणि १२ नोव्हेंबर २०१६ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. लांबी दोन तासांहून थोडी जास्त. नायिका सुझूला नोन या अभिनेत्रीचा आवाज आहे आणि संगीत कोत्रिंगो यांचं.

हिरोशिमाच्या अणुबाँबवरचा चित्रपट आहे ना?

बहुतेकांना असंच वाटतं आणि मग पहिला तासभर ते बाँबची वाट बघत बसतात. तसं करू नका, हातातून बरंच निसटेल. सुझूचं माहेर हिरोशिमाच्या एबा भागात आहे हे खरं, पण लग्न होऊन ती जाते कुरेला. हिरोशिमापासून साधारण वीस किलोमीटरवरचं हे बंदर. तीन बाजूंनी डोंगर, मध्ये वाटीसारखं गाव आणि समोर समुद्र. १८८९पासून तिथे जपानी नौदलाचा मोठा तळ होता, आणि 'यामातो' ही अजस्र युद्धनौका याच गावात बांधली गेली. सुझूचं सासर डोंगरउतारावर आहे. अंगणातल्या शेतात उभं राहिलं की खाली सगळ्या युद्धनौका दिसतात.

त्या घरात पाणी भरणं, चूल पेटवणं, जुन्या किमोनोची मोंपे (कामाची सैल विजार) शिवणं, रेशनच्या रांगेत उभं राहणं हाच चित्रपटाचा बराचसा भाग आहे. ६ ऑगस्ट १९४५ येतो, पण कुरेच्या घरात बसलेल्या माणसांना तो जसा आला तसाच: आधी एक लख्ख प्रकाश, काही वेळाने घर हादरवणारा धक्का आणि मग डोंगरापलीकडे वर चढत गेलेला ढग. तो कशाचा, हे कुणालाच ठाऊक नसतं.

पडद्यावर '८ साल, १२वा महिना' असं काहीतरी दिसतं. ते कसं वाचायचं?

हे शोवा पर्वाचे आकडे आहेत. जपानमध्ये सम्राटाच्या कारकिर्दीवरून वर्षं मोजतात. शोवा सालात १९२५ मिळवले की आपलं इसवी सन मिळतं. शोवा ८ म्हणजे १९३३, शोवा १९ म्हणजे १९४४ आणि शोवा २० म्हणजे १९४५.

एवढं एक गणित जमलं की चित्रपट वेगळाच दिसू लागतो. दिग्दर्शक मुद्दाम काही सांगत नाही, फक्त महिना लिहून पुढे जातो. पडद्यावर २० साल उमटतं आणि घरात कुणीतरी हसत असतं, तेव्हा पोटात खड्डा पडतो. मूळ मांगात आणखी एक गंमत होती. ती नियतकालिकात येत होती ती हेइसेई (शोवानंतरचं पर्व) १९, २०, २१ या वर्षांत, म्हणजे २००७ ते २००९मध्ये, आणि गोष्टही घडत होती शोवा १९, २०, २१मध्ये. त्यामुळे वाचकांचं कॅलेंडर सुझूच्या कॅलेंडरबरोबर चालत होतं.

गोष्ट थोडक्यात सांगाल का? शेवट नको.

सुझू उरानो ही समुद्रशेवाळाच्या 'नोरी' वाळवणाऱ्या घरातली मुलगी. धांदरट, स्वप्नाळू, पण हातात पेन्सिल आली की कुठल्या कुठे हरवणारी. १९४४च्या फेब्रुवारीत तिचं लग्न शूसाकू होजो या तरुणाशी होतं. तो कुरेच्या नौदल न्यायालयात कारकून आहे. तिने त्याला कधी पाहिल्याचं तिला आठवतसुद्धा नाही. सासरे नौदलाच्या विमान कारखान्यात कामाला, सासूबाईंचे पाय दुखतात, म्हणजे घरचं सगळं नव्या सुनेवर.

आणि मग येतात वन्सं. केइकोचं लग्न तिच्या मर्जीने झालेलं. फॅशनची आवड असलेली, शहरी वळणाची बाई. पण नवरा आजारपणात गेला, आणि हवाई हल्ल्यांत आग पसरू नये म्हणून सरकारने जी घरं पाडून मोकळ्या पट्ट्या केल्या त्यात तिचं दुकानही गेलं. थोरला मुलगा सासरच्यांनी ठेवून घेतला. धाकट्या हारुमीला घेऊन ती माहेरी परतते.

इंग्रजी सबटायटलमध्ये केइको नुसती 'सिस्टर-इन-लॉ' होते आणि तिची सगळी धार निघून जाते. जाऊ, नणंद, वहिनी, मेहुणी सगळ्या एकाच शब्दात. माहेरी परतलेली नणंद आणि तिच्यासमोर चूल फुंकणारी नवी सून म्हटलं की मराठी वाचकाला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. केइको सुझूला 'तू माहेरीच का जात नाहीस?' असं विचारते. त्या बोलण्यात दुष्टपणा फार थोडा आहे. स्वतःची जागा गेलेल्या बाईची ती तगमग आहे. माझ्या मते केइको ही या चित्रपटातली सर्वात पूर्ण रेखाटलेली व्यक्ती. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवा.

खाण्याचे प्रसंग इतके लांब का?

कारण युद्ध या घरात आलं ते पहिल्यांदा चुलीवरच. विमानं पुष्कळ नंतर आली. तांदूळ कमी, साखर कमी, मासे वाटणीला येतील तेवढेच. मग सुझू शेजारणीकडून शिकून बांधावरचा पाला खुडते. डँडेलियन, व्हायोलेटची पानं, तणासारखी उगवणारी हाकोबे. पीठ, रताळं, भाताचं पाणी हे सगळं जमवून ती चार माणसांचं जेवण उभं करते. हा भाग चित्रपटाने खूप आनंदाने चितारला आहे, आणि तो आनंद खरा आहे. टंचाईत काहीतरी जमवून आणणाऱ्या बाईला स्वतःच्या हाताचा जो अभिमान वाटतो, तो तिच्या चेहऱ्यावर दिसतो.

यात 'नानको-मेशी' नावाचा एक प्रकार येतो. चौदाव्या शतकातल्या कुसुनोकी मासाशिगे या योद्ध्याच्या नावावर खपवलेली ही युक्ती. हातसडीचा तांदूळ आधी कोरडा भाजायचा, रात्रभर पाण्यात भिजवायचा आणि मग भरपूर पाण्यात शिजवायचा. दाणा टम्म फुगतो, भांडं भरल्यासारखं दिसतं. सकाळी घरचे कौतुकाने पानावर बसतात, पहिला घास घेतात, आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात. पोट भरल्याचा भास विकणाऱ्या सरकारी प्रचाराबद्दल या एका घासाइतकं नेमकं क्वचितच कुणी काही दाखवलं असेल.

साखरेचा प्रसंगही बघा. मुंग्यांपासून वाचवायला सुझू साखरेचं भांडं पाण्यात ठेवते आणि ते बुडतं. घरातली सगळी साखर गेली. सासूबाई ओरडत नाहीत, गपचूप बाजूला ठेवलेले पैसे देऊन काळ्या बाजारात पाठवतात. तिथून परतताना सुझू रस्ता चुकते, नौदलाच्या गावातल्या वेश्यावस्तीत पोहोचते आणि तिला भेटते तिथली एक तरुणी, रिन. एका बुडालेल्या साखरेतून गोष्टीचं दुसरं दार उघडतं.

आणि १५ ऑगस्टची संध्याकाळ. शरणागती जाहीर करणारं सम्राटाचं रेडिओवरचं भाषण संपलेलं. सासूबाई जपून ठेवलेला पांढरा तांदूळ बाहेर काढतात आणि सांगतात की सगळा नको शिजवू, उद्या आहे, परवा आहे. मग दिव्यावरचं काळं कापड काढलं जातं आणि डोंगरउतारावर एकेका घरात उजेड दिसू लागतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा इथे मी चित्रपट थांबवला होता.

विमानहल्ल्यात आकाशात रंगीबेरंगी स्फोट दिसतात. ती कल्पना की खरं?

दोन्ही. १९ मार्च १९४५ रोजी कुरेवर पहिला मोठा हवाई हल्ला झाला. कुठल्या तोफेचा गोळा कुठे फुटतोय हे कळावं म्हणून नौदलाच्या विमानविरोधी गोळ्यांत रंग भरलेले असत, त्यामुळे आकाशात खरोखरच रंगीत धूर उठायचा. चित्रपटाने त्यावर सुझूची नजर चढवली आहे. कॅनव्हासवर कुंचला आपटावा तसे रंग फुटत जातात आणि तिला वाटतं, आत्ता हातात रंग असते तर! लगेच सासरे तिला खाली दाबतात, कारण वरून धातूचे तुकडे पडताहेत. चित्रकाराची नजर आणि धोका एकाच चौकटीत.

जुनं हिरोशिमा दाखवलंय ते कितपत खरं आहे?

सुरुवातीला छोटी सुझू नोरी पोहोचवायला नाकाजिमा नावाच्या पेठेत जाते. दुकानं, पाट्या, नाताळची सजावट, गर्दी. आज त्या जागी हिरोशिमाचं शांती स्मारक उद्यान आहे. उद्यानात फिरणाऱ्या बऱ्याच लोकांना वाटतं, इथे पूर्वीपासून मोकळी जागाच असेल. इथे गजबजलेली वस्ती होती, आणि ती एका सकाळी संपली.

काताबुची यांनी ही पेठ परत उभी केली ती कागदोपत्री पुराव्यांवरून. रात्रीच्या बसने हिरोशिमाला जायचं, जुने फोटो जमवायचे, त्या भागात लहानपण घालवलेल्या माणसांना भेटायचं, कुठलं दुकान कुठे होतं, पाटी कशी होती हे त्यांच्याकडून पडताळून घ्यायचं. असे अनेक फेरे झाले. प्रसंग ज्या दिवशी घडतो त्या दिवसाचं हवामानही त्यांनी नोंदींमधून शोधलं. ही हौस म्हणून केलेली मेहनत नाही. ज्या माणसांचं घर, दुकान, गल्ली नकाशावरून पुसली गेली, त्यांना ते पडद्यावर का होईना परत दिसावं, ही त्यामागची कळकळ प्रत्येक चौकटीत जाणवते.

चित्रं इतकी मऊ, जलरंगासारखी का? विषय तर भयंकर आहे.

कारण आपण बहुतेक वेळ सुझूच्या हाताने काढलेलं जग बघत असतो. शाळेत असताना तेत्सू मिझुहारा या मुलासाठी ती समुद्राचं चित्र काढते. त्याचा भाऊ समुद्रात गेलेला, त्याला समुद्र आवडत नाही. सुझू फेसाळ लाटांचे पांढरे ससे करते आणि तो सगळा पडदा तिच्या चित्रात विरघळतो. तिथेच चित्रपट आपल्याला सांगून टाकतो की पुढे दिसणाऱ्या गोष्टींमध्ये डोळ्यांनी पाहिलेलं आणि हाताने काढलेलं मिसळलेलं असणार आहे.

हे चित्रकलेचं प्रकरण किती खोलवर जातं ते पुढच्या एका उत्तरात येईल, पण त्यात कथा फुटते. चित्रपट पाहिला नसेल तर 'रहस्य उघड' असं लिहिलेला प्रश्न टाळा.

जपानने इतर देशांत जे केलं त्यावर हा चित्रपट गप्प बसतो का?

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही, आणि तो विचारणाऱ्यांचं चुकतही नाही. चीन, कोरिया किंवा आग्नेय आशियातली माणसं इथे जवळजवळ दिसत नाहीत. सुझूला त्यांची माहितीच नाही, आणि चित्रपट तिची नजर सोडत नाही. पण कुरे हे निरागस गाव नव्हतं आणि चित्रपट तसं भासवतही नाही. बंदरात जहाजं आहेत, सासरे विमानांच्या इंजिनांबद्दल अभिमानाने बोलतात, नवरा नौदलाच्याच न्यायालयात नोकरी करतो. या घरातलं अन्न युद्धाच्या पगारावर शिजतं.

सर्वात महत्त्वाची जागा म्हणजे शरणागतीचा दिवस. भाषण ऐकून सुझू चिडते. शेवटच्या माणसापर्यंत लढायचं म्हणत होते ना, मग आता काय झालं? ती शेताकडे धावते आणि खाली गावात कुणीतरी कोरियाचा झेंडा फडकवलेला तिला दिसतो. क्षणभरच. तो चुकवू नका. जपानी ताब्यातल्या कोरियातून आणलेले लोक या गावातही होते, आणि सुझूचा पराभव हा त्यांचा मुक्तीचा दिवस होता.

इथे मांगा आणि चित्रपट वेगळे बोलतात. मांगातली सुझू सरळ म्हणते की हा देश बळजबरीनेच दुसऱ्यांवर सत्ता गाजवत होता, म्हणूनच आता बळापुढे झुकावं लागतंय. चित्रपटातली सुझू म्हणते, समुद्रापलीकडून आलेला तांदूळ, सोयाबीन, त्यावरच मी घडले आहे. कोरिया आणि तैवान या वसाहतींतून जपानला तांदूळ येत होता, हे त्यामागचं वास्तव. दिग्दर्शकाचं म्हणणं असं की दिवसभर चुलीपाशी असलेल्या बाईला सत्य उमगेल तर ते अन्नातूनच उमगेल. मला हे पटतं, कारण त्या एका वाक्याने मागचे सगळे स्वयंपाकाचे प्रसंग पुन्हा आठवतात आणि त्यांची चव बदलते. तरीही मांगातलं वाक्य जास्त कठोर होतं आणि ते गेल्याची रुखरुख मला आहे. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचावेत.

मुलांना दाखवावा का?

बारा वर्षांच्या पुढे, आणि शेजारी बसून. रक्तपात कमी आहे, पण एका लहान मुलीचा मृत्यू आहे आणि तो विसरता येत नाही.

'काजव्यांची समाधी' पाहिलाय. हा तसाच आहे का?

इसाओ ताकाहाता यांचा तो १९८८चा चित्रपट कोबे शहरातल्या दोन अनाथ भावंडांचा आहे. तिथे मुलं समाजापासून तुटत जातात आणि त्यातूनच संपतात. इथे उलट, सगळेजण एकमेकांना धरून आहेत. सासू, नणंद, शेजारणी, गल्लीची समिती. त्या धरून ठेवण्यात ऊबही आहे आणि तीच माणसं त्याच सवयीने युद्धालाही मान हलवतात. तो पाहून रडू येतं. हा पाहून झाल्यावर मी बराच वेळ ताटातल्या भाताकडे बघत बसलो होतो.

लोकांनी वर्गणी काढून हा चित्रपट केला, हे खरं?

पूर्ण खर्च वर्गणीतून नाही, पण गाडं हललं ते वर्गणीमुळेच. शांत, बायकी कामांनी भरलेल्या युद्धपटात पैसा घालायला गुंतवणूकदार तयार नव्हते. २०१५मध्ये इंटरनेटवरून आवाहन केलं गेलं आणि ३,३७४ लोकांनी ३ कोटी ९१ लाख येनच्या वर रक्कम दिली. ठरवलेलं उद्दिष्ट होतं २ कोटींच्या आसपास. त्यातून नमुन्याचा छोटा चित्रपट झाला आणि बघायला माणसं आहेत हे सिद्ध झालं.

सुरुवातीला जपानभरात ६३ चित्रपटगृहं. मग एकाने दुसऱ्याला सांगत चित्रपट वाढत गेला, वीस लाखांहून जास्त लोकांनी पाहिला, आणि काही ना काही पडद्यांवर तो हजारांहून जास्त दिवस चालू राहिला. 'किनेमा जुम्पो' या जुन्या चित्रपटविषयक नियतकालिकाने त्याला २०१६चा सर्वोत्तम जपानी चित्रपट ठरवलं. ॲनिमेशनपटाला हा मान त्याआधी फक्त एकदा मिळाला होता. फ्रान्समधल्या आनसी महोत्सवात २०१७मध्ये ज्युरी पारितोषिक मिळालं.

दोन आवृत्त्या आहेत म्हणतात. कुठली बघू?

आधी २०१६ची. डिसेंबर २०१९मध्ये आलेली मोठी आवृत्ती १६८ मिनिटांची आहे. तिच्यात रिनची गोष्ट, तिचं शूसाकूशी असलेलं जुनं नातं आणि १९४५च्या सप्टेंबरमधलं भीषण वादळ येतं. मोठ्या आवृत्तीतली सुझू जास्त मोठी, जास्त दुखावलेली बाई आहे. पहिलीत तिचा मत्सर आपल्याला जाणवतही नाही. आवाज मात्र मूळ जपानीच ठेवा. हिरोशिमाकडच्या बोलीतलं सुझूचं 'अर्याऽ' कुठल्याही भाषांतरात येत नाही.

(रहस्य उघड) सुझूचा हात गेल्यानंतर चित्रं वेडीवाकडी का होतात? आणि शेवटच्या श्रेयनामावलीत काय चाललंय?

२२ जून १९४५च्या हल्ल्यानंतर, उशिरा फुटणाऱ्या एका बाँबमुळे हारुमी जाते आणि सुझूचा उजवा हात जातो. हारुमीचा हात त्याच हातात होता. त्या क्षणी पडद्यावरचं रंगीत जग नाहीसं होतं, काळ्यावर ओरखडे ओढल्यासारख्या रेषा उरतात. नंतर मागचे डोंगर, घरं डगमगलेली दिसतात. मांगात कोउनो यांनी इथून पुढची पार्श्वभूमी स्वतःच्या डाव्या हाताने काढली होती. ज्या बाईचा चित्र काढणारा हातच गेला, तिचं जग कुणी सरळ रेषेत काढायचं?

केइको आधी तिला 'खुनी' म्हणते. ६ ऑगस्टच्या सकाळी सुझू माहेरी निघायच्या तयारीत असते तेव्हा तीच केइको तिला सांगते की तुझी जागा इथे आहे, बाकीच्यांचं मनावर घेऊ नको. सुझू तिला मिठी मारून म्हणते, मी इथेच राहते. आणि मग तो प्रकाश. नणंदेच्या चार मऊ शब्दांमुळे सून त्या दिवशी हिरोशिमाला जायची वाचते.

शेवटी श्रेयनामावलीत वर्गणीदारांची नावं सरकत असतात आणि बाजूला एक सुटा हात रिनचं आयुष्य चितारत असतो. तो सुझूचा गेलेला उजवा हात. शेवटी तो आपल्याला टाटा करतो. म्हणून नावं सुरू झाली की उठू नका.

हिरोशिमाला जायचा योग आला तर चित्रपटातलं काय बघता येईल?

कुरेला हिरोशिमाहून लोकल गाडीने जाता येतं. तिथल्या यामातो संग्रहालयात त्या नौकेची एक दशांश आकाराची, २६.३ मीटर लांबीची प्रतिकृती आहे. हाइगामिने डोंगरावरून तेच वाटीसारखं गाव दिसतं जे सुझूला शेतातून दिसायचं. बंदरात आज जपानच्या सागरी स्वसंरक्षण दलाची जहाजं उभी असतात.

हिरोशिमाच्या शांती उद्यानात 'रेस्ट हाउस' म्हणून एक इमारत आहे. पर्यटक तिथे माहिती घ्यायला, बसायला जातात. १९२९ साली ती ताइशोया नावाच्या किमोनोच्या दुकानासाठी बांधली होती. स्फोटाच्या केंद्रापासून जेमतेम १७० मीटरवर असूनही तिचा सांगाडा टिकला. चित्रपटाच्या सुरुवातीला, १९३३च्या डिसेंबरमध्ये, नोरीचं ओझं पाठीवर नीट बसवायला आठ वर्षांची सुझू ज्या भिंतीला टेकते, ती याच दुकानाची.